शिक्षकाची शिकण्याची रीत आणि वर्गातील निरनिराळी मुले



कोणताही शिक्षक वर्गात पाऊल टाकतो तेव्हा त्याच्याबरोबर दोन गोष्टी येतात. एक, त्या तासाला शिकवावयाचा घटक. आणि दुसरी, तो घटक आपण स्वतः लहानपणी ज्या रीतीने शिकलो ती रीत. पहिलीची नोंद दैनिक टाचणात होते. दुसरीची नोंद कोठेच होत नाही, आणि पुष्कळदा तिची जाणीव खुद्द शिक्षकालाही नसते. तथापि वर्गातील कोणती मुले पुढे जातील आणि कोणती मागे राहतील हे ठरविण्यात या दुसऱ्या गोष्टीचा वाटा मोठा असतो. यास्तव तिचा थोडा बारकाईने विचार करावा, असा या लेखाचा हेतू आहे.

१. आपली रीत घडते कशी?

अध्यापक विद्यालयात आपण दोन वर्षे काढली. परंतु त्यापूर्वी दहा-बारा वर्षे आपण विद्यार्थी म्हणून शिक्षकांसमोर बसलो होतो. शिकविणे म्हणजे काय याचे पहिले चित्र त्या काळातच आपल्या मनावर उमटले. डॅन लॉर्टी या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हीच गोष्ट दाखवून दिली. शिक्षकाचा धंदा असा आहे की त्याची उमेदवारी माणूस नकळत बालपणीच सुरू करतो. मात्र त्याला शिक्षकाची कृती तेवढी दिसते, तिच्यामागील विचार दिसत नाही.

मराठवाड्यापुरते पाहिले तर या गोष्टीला इतिहासाचीही जोड आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. वरच्या वर्गांतील शिक्षणाचे माध्यम मुख्यतः उर्दू होते, आणि १९१८ साली सुरू झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दूतूनच शिकवीत असे. घरी मराठी आणि वर्गात उर्दू, अशा स्थितीत शिकणाऱ्या मुलाला पाठांतराचा आधार जवळचा वाटावा हे स्वाभाविकच होय. आज निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या शिक्षकांना ज्यांनी शिकविले, त्यांतील कित्येक जण त्या व्यवस्थेत शिकलेले होते. माध्यम बदलले, पुस्तके बदलली; पण रीत पिढीमागून पिढी चालत आली. यात कोणाचा दोष नाही. मात्र वारशाने आलेली वस्तू तपासून घेण्यास हरकत नसावी.

२. चार रीती आणि त्यांच्या आंधळ्या बाजू

शाळाभेटींत साधारणपणे चार रीती दृष्टीस पडतात. प्रत्येकीत गुण आहे आणि प्रत्येकीला एक आंधळी बाजूही आहे.

(अ) म्हणून शिकलेला शिक्षक. पाढे, कविता, व्याख्या त्याने तालावर म्हणून आत्मसात केलेल्या असतात. त्याचा वर्ग एका सुरात म्हणतो व ऐकणाऱ्यास समाधान वाटते. परंतु सामुदायिक म्हणण्यात दहा मुलांच्या आवाजाखाली उरलेल्या पंधरांचे मौन झाकले जाते.

(आ) लिहून शिकलेला शिक्षक. फळ्यावरील सुबक लेखन आणि नीटनेटक्या वह्या हे याचे वैशिष्ट्य. परंतु उतरवून घेणे म्हणजे समजणे नव्हे. फळा पुसल्यावर तेच उदाहरण अंक बदलून घातले की वर्ग गोंधळतो.

(इ) ऐकून शिकलेला शिक्षक. तो गोष्टीसारखे रसाळ समजावून सांगतो. पण ज्याच्या घरी गोरमाटी, दखनी उर्दू वा अहिराणी बोलली जाते, त्या पहिलीतील मुलाच्या हातून दोन वाक्यांनंतर धागा सुटतो. मूल मुकाट्याने शिक्षकाच्या तोंडाकडे पाहत राहते, आणि त्या पाहण्याला आपण लक्ष समजतो.

(ई) करून शिकलेला शिक्षक. याच्या वर्गात खडे, चिंचोके, माती, कागद यांची रेलचेल असते व मुले रमतात. परंतु कृतीपासून अंकापर्यंतचा पूल बांधावयाचा राहून जातो. मूल दहाची जुडी बांधते. पण तीच संख्या पाटीवर लिहिता येत नाही.

आपण यांपैकी कोणत्या वर्गात मोडतो हे प्रत्येकाने प्रामाणिकपणे पाहावे. बहुतेक जण दोन रीतींचे मिश्रण असतात.

३. मुलांचे प्रकार पाडावेत काय?

येथे एका प्रचलित मताचा परामर्श घेणे अवश्य आहे. कोणी पाहून शिकतो, कोणी ऐकून, कोणी वाचून-लिहून तर कोणी हाताने करून शिकतो. म्हणून मुलांची चाचणी घेऊन त्यांचे प्रकार ठरवावेत व प्रत्येकास त्याच्या प्रकाराप्रमाणे शिकवावे, असे हे मत आहे. न्यूझीलंडचे नील फ्लेमिंग यांनी १९९० नंतरच्या दशकात अशी चौपदरी विभागणी लोकप्रिय केली. प्रशिक्षणांतून ती आपल्याकडेही पोहोचली आहे.

हे मत ऐकावयास पटते. परंतु ते कसोटीस उतरलेले नाही. इंग्लंडमध्ये फ्रँक कॉफील्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली अशा ७१ वर्गीकरणांचा आढावा घेतला. एका विषयासाठी एवढी वर्गीकरणे निघावीत यावरूनच त्यांचा पाया किती सैल आहे हे कळते. पुढे २००८ साली हॅरोल्ड पॅशलर आदी चार मानसशास्त्रज्ञांनी नेमका प्रश्न विचारला. ‘पाहून शिकणारी’ म्हटलेली मुले चित्राने अधिक शिकतात आणि ‘ऐकून शिकणारी’ म्हटलेली मुले ऐकून अधिक शिकतात, हे दोन्ही गटांना दोन्ही रीतींनी शिकवून व शेवटी एकच परीक्षा घेऊन कोणी सिद्ध केले आहे काय? तसा पुरेसा पुरावा त्यांना आढळला नाही.

याचा अर्थ मुले सारखी असतात असा मुळीच नव्हे. मुलांत फरक आहेत आणि ते मोठे आहेत: घरची भाषा, पूर्वज्ञान, हजेरी, प्रकृती, दृष्टी व श्रवण, घरी मिळणारी सवड. या फरकांकडे लक्ष दिलेच पाहिजे. परंतु ‘हा ऐकणारा’, ‘ही पाहणारी’ अशी चिठ्ठी लावल्याने त्यांपैकी एकही फरक भरून निघत नाही. उलट, ज्याला ‘हाताने करणारा’ म्हटले त्याच्या हाती पुस्तक कमी पडू लागते.

मग ग्राह्य काय? दोन गोष्टी. जेरोम ब्रूनर यांनी १९६६ साली मांडले की ज्ञान कृती, चित्र आणि चिन्ह अशा तीन रूपांत मांडता येते. या तीन पायऱ्या तीन प्रकारच्या मुलांसाठी नसून प्रत्येक मुलासाठी आहेत. दुसरी गोष्ट, शिकलेले काही दिवसांच्या अंतराने, समोर काही न ठेवता, आठवून सांगावयास लावले म्हणजे ते अधिक टिकते. हे अनेक प्रयोगांनी दिसून आलेले आहे, आणि तेही सर्व प्रकारच्या मुलांच्या बाबतीत खरे आहे.

तात्पर्य, स्वतःची रीत ओळखावयाची ती मुलांवर लादण्यासाठी नव्हे, तसेच मुलांचे प्रकार पाडण्यासाठीही नव्हे. आपल्या रीतीने कोणती पायरी गाळली जाते हे कळावे, एवढ्यासाठी ती ओळखावयाची.

४. बोर्डी व कोसबाडचा धडा

आपल्या महाराष्ट्रात याचे उत्तम उदाहरण ताराबाई मोडक यांचे आहे. ताराबाई पदवीधर होत्या. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी बालशिक्षणाचे काम केले होते आणि माँटेसोरी पद्धतीचा त्यांचा अभ्यास सखोल होता. १९४५ साली त्यांनी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर जिल्हा) बोर्डी येथे काम आरंभिले. अनुताई वाघ त्यांना तेथे येऊन मिळाल्या, आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील आदिवासी मुले शाळेत येत नसत. ‘या मुलांना शिकण्याची आवडच नाही’ असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. तसे न करता या दोघींनी आपली रीत तपासली. महागड्या साधनांच्या जागी बिया, शंख-शिंपले व पाने आली. मुले अंगणात खेळत होती, तर शाळा अंगणात गेली व अंगणवाडी झाली. मुले गुरे राखत होती, तर कुरणावर कुरणशाळा भरली. तत्त्व तेच राहिले. साधन, स्थळ व वेळ मात्र मुलांकडे पाहून ठरली.

ज्या पद्धतीत आपण पारंगत आहोत तिच्यातील कोणता भाग मुलांसाठी आहे आणि कोणता केवळ आपल्या सवयीचा आहे, हे निवडता येणे यालाच येथे रीत ओळखणे म्हटले आहे.

५. नमुना पाठ : दोन अंकी संख्यांचे वाचन व लेखन

आता हा विचार प्रत्यक्ष पाठात कसा आणावा ते पाहू. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात पहिलीअखेर ९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात असे लक्ष्य आहे. आपणा मोठ्यांना हे क्षुल्लक वाटते. पण मराठीतील संख्यानामे मुलाची कसोटी पाहणारी आहेत.

आपण लिहिताना दशक आधी लिहितो व बोलताना एकक आधी बोलतो. ‘त्र्याहत्तर’ ऐकताच मुलाच्या कानी प्रथम तीन पडतात, नंतर सत्तर. म्हणून ते ३७ लिहिते. शिवाय सत्तरचे ‘हत्तर’, साठचे ‘सष्ट’, पन्नासचे ‘वन्न’, नव्वदचे ‘ण्णव’ असे रूपांतर होते. एकोणतीसमध्ये तर कानी ‘तीस’ पडते आणि लिहावयाचे असतात दोन व नऊ. कन्नड व तेलुगू भाषांत वीसनंतरच्या संख्यांत दशक आधी व एकक नंतर बोलतात. त्यामुळे तेथील मुलाला ही उलटापालट करावी लागत नाही.

ही अडचण ओळखूनच बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ साली प्रचलित नावांबरोबर ‘वीस एक’, ‘सत्तर तीन’ अशी वाचनाची जोडरीत देण्यात आली. डॉ. मंगला नारळीकर या तेव्हा गणित विषय समितीच्या अध्यक्षा होत्या. त्यावर मोठा वाद झाला व तो विधिमंडळापर्यंत पोहोचला. भाषेच्या सौंदर्याची चिंता करणाऱ्यांचे म्हणणे विचारार्ह होते. परंतु ‘आम्ही जुन्या रीतीने शिकलो, आम्हांला कोठे अडले?’ हा जो युक्तिवाद वारंवार ऐकू आला, तो मात्र शिक्षकाने करू नये. ज्यांना अडले ती मुले शाळा सोडून गेली. वादात भाग घेण्यास ती उरलीच नव्हती.

साहित्य : तुराटीच्या किंवा पऱ्हाटीच्या सारख्या लांबीच्या काड्या, सुतळी, पाट्या, जुन्या पुठ्ठ्यांची संख्याकार्डे. (१ ते ९ ची आखूड कार्डे, १० ते ९० या दशकांची दुप्पट लांबीची कार्डे.)

पहिली पायरी, कृती. चार-पाच मुलांच्या गटास मोजदाद न सांगता काड्या द्याव्यात. दहा-दहांच्या जुड्या बांधावयास सांगावे. सात जुड्या व तीन सुट्या काड्या मुलांनी हातांनी उचलून दाखवाव्यात. दिवाळीच्या सुमारास आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला जाणारी मुले आपल्या काही गावांत आहेत. उसाच्या मोळ्या बांधलेल्या व मोजलेल्या त्यांनी पाहिल्या आहेत. अशा मुलाला येथे पुढे बोलवावे व ‘मोळी आणि सुटे’ हे शब्द त्याच्याच तोंडून वर्गास मिळू द्यावेत. कित्येक महिने शाळेबाहेर राहिलेल्या मुलास आपल्या ज्ञानाची शाळेत किंमत आहे हे त्या दिवशी कळते.

दुसरी पायरी, चित्र. जुडीसाठी उभी रेघ व सुट्या काडीसाठी टिंब, एवढेच चित्र पाटीवर काढावे. काड्या झाकून केवळ चित्रावरून ‘किती?’ विचारावे.

तिसरी पायरी, शब्द. प्रथम ‘सत्तर तीन’ व लगेच ‘त्र्याहत्तर’, असे दोन्ही शब्द म्हणावेत. घरी दुसरी बोली बोलणाऱ्या मुलास आपल्या बोलीतील नाव सांगू द्यावे. त्यात एकक आधी येतो की दशक, हे सर्वांनी मिळून ओळखावे. भाषा निराळी आणि जुड्या मात्र त्याच, ही गोष्ट वर्गाच्या ध्यानी येते.

चौथी पायरी, अंक. ७० चे लांब कार्ड ठेवून त्याच्या शून्यावर ३ चे आखूड कार्ड ठेवावे. मुलांनी ७३ वाचावे व लिहावे. शून्य नाहीसे झाले नाही, झाकले गेले, हे कार्ड उचलून दाखवावे.

एकोणतीससाठी तीन जुड्या ठेवून ‘एक काडी काढा’ म्हणावे. ती काढावयाची तर एक जुडी सोडावी लागते आणि हाती दोन जुड्या व नऊ सुट्या उरतात. ‘तीसला एक उणे’ हे नाव आणि २९ हे लेखन दोन्ही मुलाच्या डोळ्यांसमोर एकत्र येतात. हीच रीत एकोणनव्वदपर्यंत चालते. नव्व्याण्णव मात्र या नियमात बसत नाही, हे मुलांनाच शोधू द्यावे.

पाचवी पायरी, आठवण. तासाच्या शेवटी, दुसऱ्या दिवशी, तीन दिवसांनी व आठवड्याने काड्या व कार्डे न देता पाच संख्या सांगाव्यात. प्रत्येक मुलाने आपल्या पाटीवर लिहावे व एकदमच पाट्या वर कराव्यात. यास पाच मिनिटे पुरतात, आणि एकाही मुलाचे मौन झाकले जात नाही.

आता प्रत्येकाने आपली रीत आठवावी. म्हणून शिकलेल्या शिक्षकास पहिली पायरी अनावश्यक वाटेल व तो थेट तिसरीवर जाईल. लिहून शिकलेला चौथीपासून आरंभ करील. ऐकून शिकलेला पहिल्या दोन पायऱ्या स्वतःच करून दाखवील व त्यावर बोलत राहील. करून शिकलेला पहिलीतच रमेल आणि पाचवी राहून जाईल. जी पायरी आपणास कंटाळवाणी अथवा वेळखाऊ वाटते, बहुधा तीच आपण गाळतो. तिच्यापुढे टाचणात खूण करून ठेवावी.

द्विशिक्षकी शाळांतून एकाच वेळी दोन-तीन इयत्ता सांभाळाव्या लागतात याची जाणीव आहे. त्यासाठी पहिल्या दोन पायऱ्या दुसरीतील मुलांच्या मदतीने घ्याव्यात. शिकविताना त्यांचीही उजळणी होते.

६. आत्मपरीक्षण व नोंद

नवे नोंदवही-पत्रक न वाढविता दैनिक टाचणाच्या कडेला आठवड्यातून एकदा तीन ओळी लिहाव्यात. आजच्या तासात बोलणे, फळा, म्हणवून घेणे व करवून घेणे यांपैकी अधिक वेळ कशास गेला? पाटी वर केली तेव्हा कोणत्या मुलांचे उत्तर चुकले? त्यांच्यासाठी उद्या कोणती गाळलेली पायरी घेणार? शक्य असेल तेथे महिन्यातून एकदा सहकाऱ्यास पंधरा मिनिटे आपल्या वर्गात बसवावे. त्याने अभिप्राय देऊ नये; कोण किती वेळ बोलले व कोणते मूल एकदाही बोलले नाही, एवढेच टिपावे.

मुलाविषयीची नोंदही अशीच नेमकी असावी. ‘गणितात मंद’ या दोन शब्दांतून पुढील शिक्षकास काहीच मिळत नाही. ‘त्र्याहत्तर ऐकून ३७ लिहितो, काड्यांनी ७३ बरोबर मांडतो’ या नोंदीतून मात्र उद्याचा पाठ मिळतो. पहिल्या नोंदीत दोष मुलाकडे जातो. दुसरीत काम आपल्याकडे येते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने कलम १७ अन्वये शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासासही मनाई केली आहे, आणि कलम २४ अन्वये प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून आवश्यक तेथे जादा शिकविणे हे शिक्षकाचे कर्तव्य ठरविले आहे. नेमकी नोंद हा त्या कर्तव्याचा आरंभ होय.

ऊसतोडीहून परतलेले मूल, तांड्यावरून नव्याने आलेले मूल, मागच्या कोपऱ्यात गप्प बसणारी मुलगी, यांच्यापैकी पुष्कळांची शाळा सुटते ती चौथी-पाचवीनंतर. परंतु ती सुटण्यास प्रारंभ पहिली-दुसरीतच झालेला असतो. ज्या दिवशी एखादी पायरी गाळली गेली आणि मुलाला ‘हे आपल्याला येणार नाही’ असे वाटले, तो तो दिवस. ती पायरी पुन्हा बांधून देणे आपल्या हाती आहे, आणि त्यास काड्या, सुतळी व थोडी सावधगिरी याहून अधिक काही लागत नाही.

७. केंद्राच्या शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

(१) आपण स्वतः पाढे, वाचन व भागाकार कोणत्या रीतीने शिकलो? आज वर्गात त्यांतील कोणती रीत तशीच चालू आहे?

(२) नमुना पाठातील पाच पायऱ्यांपैकी कोणती पायरी आपणास नकोशी वाटते? का?

(३) आपल्या वर्गातील मुलांच्या घरच्या बोलींत २१, २९, ७३ व ९९ यांची नावे काय आहेत? ती मुलांकडूनच मिळवून परिषदेत आणावीत.

(४) हजेरीपटावरील कोणत्याही एका मुलाविषयीची जुनी मोघम नोंद घ्यावी व तिच्या जागी नेमकी नोंद लिहून आणावी. नाव वगळून ती वाचून दाखवावी व पुढील पाठ सर्वांनी मिळून ठरवावा.

— शिक्षण विस्तार अधिकारी